महालक्ष्म्यांच्या जेवणात रांधणाऱ्यांची पंगत शेवटचीच का?

वऱ्हाडची_सून | १७ ऑगस्ट २०२५

आमचं सासर अमरावती जिल्ह्यात, दर्यापूरजवळच्या एका गावात. घरी महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, उभ्याच्या. ज्येष्ठा, कनिष्ठा आणि त्यांची पिलवंडं, कोठ्यांवर पितळी मुखवटे. यंदा आवाहन ३१ ऑगस्टला, रविवारी आहे. सोमवारी १ सप्टेंबरला पूजन आणि मोठं जेवण, मंगळवारी विसर्जन. चुलत-मावस धरून ४६ पानं होतील. पुणे, नागपूर, अकोला, एक कुटुंब हैदराबादहून. सासूबाईंचे गुडघे आता बसू देत नाहीत, म्हणून यंदा सगळं माझ्या आणि धाकट्या जाऊबाईंच्या हाती दिलंय. लग्नाला १९ वर्षं झाली, पण "सांभाळ आता तू" हे शब्द पहिल्यांदा ऐकले.

जेवण तुम्हाला ठाऊकच आहे. पुरणपोळी आणि तुपाची वाटी, सोळा भाज्या, ज्वारीची आंबील, कढी, वडे, भजी, पंचामृत, चटण्या-कोशिंबिरी, खीर, वरणभात. आरतीचे सोळा दिवेही पुरणाचेच. फुलोऱ्याच्या करंज्या-साटोऱ्या आधी दोन दिवस करून ठेवतो. मला या कामाची भीती नाही. उलट पहाटे चारला चूल पेटते, डाळीचा पहिला वास माजघरात येतो, तेव्हा हे घर माझं वाटतं. पुण्याच्या फ्लॅटमध्ये वर्षभरात तसं एकदाही वाटत नाही.

माझा प्रश्न पंगतीचा आहे. आमच्याकडे नैवेद्य दाखवायला दुपारचा दीड होतो. पहिल्या पंगतीला ब्राह्मण-सवाष्ण, जावई आणि मोठी माणसं. दुसरीला पोरंसोरं आणि पाहुणे. तिसरीला राहिलेले पुरुष. चार-साडेचारला आम्ही सात बायका बसतो, तेव्हा पोळी चामट झालेली असते, कढी थंड असते, आणि आळूची वडी तर कधीच उरत नाही. सोवळ्यातल्या दोघी-तिघी नैवेद्य होईपर्यंत चहाशिवाय काही घेत नाहीत. म्हणजे पहाटे चारपासून दुपारी चारपर्यंत बारा तास झाले.

गेल्या वर्षी साडेतीनच्या सुमारास धाकट्या जाऊबाईंना तव्यापुढेच चक्कर आली. त्यांना मधुमेह आहे. घरात सगळ्यांना माहीत होतं, मलाही. तरी त्यांना दोन घास खाऊन घ्या म्हणायचं कुणाच्या मनात आलं नाही. माझ्याही नाही. ती गोष्ट वर्षभर मनात टोचत राहिली आहे.

यंदा रांधणाऱ्या बायका नैवेद्यानंतर पहिल्याच पंगतीला बसाव्यात असं माझ्या मनात आहे. कुणी असं केलंय का? गरम पोळी तव्यावरून पानात यायची असते, मग तव्याशी कोण बसणार? आणि मोठ्यांना कसं सांगावं? ज्यांच्या घरी एवढी पानं उठतात त्यांनी सांगावं.

---

शेवंती | १७ ऑगस्ट

आमचं माहेर नांदेडचं. जेवण दिवेलागणीनंतर, त्यामुळे बायकांचं पान पडायला रात्रीचे अकरा वाजायचे. मी नऊ-दहा वर्षांची असताना आई भांड्यांच्या ढिगाजवळ बसून जेवताना पाहिली आहे. ताटात तुकड्यांच्या पोळ्या होत्या. ज्या लाटताना फुटल्या, त्या तिने आपल्यासाठी बाजूला ठेवल्या होत्या. "या पण पुरणाच्याच आहेत ना," म्हणाली. ते पान मी विसरलेले नाही.

तुम्ही कराच. पण सांगताना एकट्या सांगू नका. सासूबाईंना तुमच्या बाजूला घ्या. त्यांनीही चाळीस वर्षं थंड कढी प्यायली असेल.

---

पाटावरवंटा | १८ ऑगस्ट

तव्याशी कोण हा खरा प्रश्न, बाकी आपोआप सुटतं. आमच्याकडे परभणीला ५० पानं असतात. आम्ही करतो तसं सांगते.

१ किलो हरभरा डाळीला १ किलो गूळ घेतला तर मध्यम आकाराच्या ४० पोळ्या होतात. दिवे आणि नैवेद्याचं पुरण धरून ४६ पानांना ३ किलो डाळ घ्या. डाळ तासभर भिजवून शिजवायची, बोटाने दाबली तर मोडली पाहिजे पण लगदा नको. कट निथळून आमटीला. पुरण आदल्या रात्री शिजवून ठेवायचा मोह होतो. भाद्रपदातल्या दमट हवेत ते करू नका, आंबूस होतं. पहाटे शिजवा आणि गरम असतानाच यंत्रातून काढा, गार झालं की हात भरून येतात. पातेल्यात उलथनं उभं राहिलं की पुरण झालं समजावं.

आता पोळ्या. साठेक पोळ्या नैवेद्याच्या आधीच करून घ्या. वेताच्या टोपलीत जाड सुती पंचा, त्यात पोळ्या, वर पुन्हा पंचा. डब्यात घालून झाकण लावाल तर वाफेने ओल्या होतील. पहिली पंगत या पोळ्यांवर होते, वाढताना फक्त तव्यावर तूप सोडून गरम करायच्या. त्याला सुगरण लागत नाही, कुणीही करतं. आमच्याकडे माझा पुतण्या करतो, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पहिल्या पंगतीतल्या बायका जेवून उठल्या की उरलेल्या पोळ्या ताज्या लाटतात. पोट भरलेलं असलं की हातही बरा चालतो.

भाताला तांदूळ साडेतीन किलो पुरे. एवढ्या पक्वान्नांवर भात कमीच जातो. तूप २ किलोच्या खाली आणू नका. वऱ्हाडी माणसं आहेत.

---

जुनाखांब | १८ ऑगस्ट

माझं वय ७१. सोलापूरकडचा. जरा वेगळं मत मांडतो, राग मानू नये.

पंगतीच्या क्रमाला अर्थ आहे. आधी देव, मग अतिथी, मग लेकरं आणि म्हातारे, शेवटी घरधनी आणि घरधनीण. घरच्यांनी शेवटी जेवायचं यात बाईला कमी लेखलेलं नाही, अतिथीला मोठं मानलं आहे. आमचे वडील घरातले कर्ते होते, पण महालक्ष्म्यांच्या दिवशी आईबरोबरच शेवटी बसत. ते हातात पळी घेऊन वाढायचे. आग्रह कसा करावा हे त्यांच्याकडून शिकलो.

क्रम मोडला की उद्या प्रत्येक जण आपापली वेळ सांगेल, आणि त्या दिवशी जेवण राहील, पंगत राहणार नाही. मधुमेह असेल त्या बाईने खाऊन घ्यावं, देवी रागावत नाही. पण पंगतीला हात लावू नये असं वाटतं.

---

सागरवेळ | १८ ऑगस्ट

काका, तुमचे वडील आईबरोबर शेवटी बसायचे, तिथेच सगळा फरक आहे. सगळ्याच घरांतले कर्ते तसे बसले असते तर हा धागा निघाला नसता.

मी रत्नागिरीकडची. आमच्या गौरी तेरड्याच्या, आणि दोन चुलत घरं एकत्र. खर्च आणि स्वयंपाकाची पाळी लागते. एका वर्षी मोठं घर, पुढच्या वर्षी धाकटं. ज्या घराची पाळी नाही त्या घरातल्या बायका त्या वर्षी पाहुण्या. त्यांनी फक्त ओवशाची, म्हणजे गौरीपुढे ठेवायची, सुपं घेऊन यायचं. घावन-घाटल्याचं पान त्यांना आधी मिळतं, आणि पुढल्या वर्षी त्या आमच्यासाठी तेच करतात. दुसऱ्या दिवशी तिखटाचा नैवेद्य. गणपती आणि गौरीच्या मध्ये पडदा धरतात आणि गौरीला कोंबडी-वडे दाखवतात. त्या दिवशी तर चुलीपाशी पुरुषच असतात, कारण मसाल्याचं वाटण आणि रस्सा हे आमच्याकडे काकांचं काम.

पाळी पद्धतीचा फायदा असा की जिने यंदा रांधलं तिला पुढच्या वर्षी कुणीतरी वाढतंच.

---

वऱ्हाडची_सून | १९ ऑगस्ट

पाटावरवंटा, टोपलीची युक्ती लिहून घेतली. आम्ही आजवर स्टीलच्या मोठ्या डब्यातच घालत होतो आणि पोळी ओली का होते याचा विचारच केला नाही.

जुनाखांब काका, राग मुळीच नाही. तुमच्या वडिलांबद्दल वाचून बरं वाटलं. पण सातही बायकांनी बारा तास उपाशी राहून वाढायचं आणि धडधाकट पस्तिशीतल्या पुरुषांनी आधी बसायचं, यात अतिथी कोण? आमच्या घरातले दीर, पुतणे, भाचे हे अतिथी नाहीत. घरधनी शेवटी बसतो असं तुम्ही म्हणता, तर मी तेच मागते आहे. घरचे पुरुष वाढतील आणि शेवटी बसतील.

---

तुळशीकट्टा | १९ ऑगस्ट

मला मात्र शेवटची पंगत आवडते, हे सांगायला हवं. बाहेर सगळे पेंगत असतात, आणि आम्ही नणंदा-भावजया, जावा, आत्या अशा नऊ जणी माजघरात गोल बसतो. कुणी घाईत नसतं. पुरण उरलेलं असतं ते नुसतं दूध घालून खातो. कुणाचं माहेर कसं, कुणाचं काय दुखतंय, कुणाच्या मुलीचं कुठे जमतंय, हे सगळं तिथेच निघतं. माझ्या नणंदेने आपल्या घरातली अडचण पहिल्यांदा त्याच पंगतीत सांगितली होती. पहिल्या पंगतीत सगळ्यांसमोर ती बोलली नसती.

म्हणून पंगत बदला, पण आम्हा बायकांची एकत्र बसायची जागा मोडू नका. पहिलीला बसायचं तर सगळ्या एकत्र बसा, इकडे दोन, तिकडे तीन अशा नको.

---

काळीमाती | २० ऑगस्ट

या निमित्ताने माझ्या मोठ्या काकूंबद्दल लिहिते. लातूर जिल्हा. काका २००३ साली गेले. काकूंचा पुरणाचा हात असा की आजही गावातले लोक त्यांची पोळी आठवतात. दरवर्षी पुरण त्याच करतात, आंबीलही त्यांचीच. ज्वारी भिजवून, कांडून, ताकात शिजवतात आणि वर खोबऱ्याचे काप. पण हळदीकुंकवाला त्या बाहेर येत नाहीत, महालक्ष्मीची ओटी भरायला त्यांना बोलावत नाहीत, आणि सवाष्णींच्या पंगतीला बसायचा तर प्रश्नच नाही. बावीस वर्षं त्या देवीसाठी रांधतात आणि देवीपुढे उभ्या राहत नाहीत.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवांच्या बाबतीतल्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात सरकारने बाकीच्या ग्रामपंचायतींनीही तसं करावं म्हणून परिपत्रक काढलं. आमच्या सरपंचांनी तेव्हा चावडीवर ते वाचलं. लोकांनी माना डोलावल्या. पण घरातल्या पंगतीत काकूंचं पान कुठे मांडायचं हे कोणतंही परिपत्रक ठरवत नाही. ते आम्हीच ठरवायचं होतं, आणि ठरवलं नाही.

ताई, तुमच्या सात जणींत अशी कुणी आहे का?

---

वऱ्हाडची_सून | २० ऑगस्ट

आहे. आमच्या चुलत सासूबाई, सगळे त्यांना माई म्हणतात. सोळा भाज्या त्याच निवडतात आणि चिरतात. गवार, दोडकी, पडवळ, कोहळं, चवळीच्या शेंगा, कारलं, आरवी, घोसाळी, मक्याचं कणीस, सगळं परातीत मांडून मोजतात, एक कमी पडली तर मुळ्याचा पाला का होईना घालतात. तुम्ही विचारेपर्यंत माझ्या मनात त्यांचा विचार चक्कर आलेल्या जाऊबाईंइतकाही आला नव्हता. लिहिताना लाज वाटते आहे.

---

माटोळी | २१ ऑगस्ट

गोव्याहून, फोंडा भागातून. आमच्याकडे चवथीला सगळं कुटुंब मूळ घरी जमतं. गणपतीच्या वर माटोळी, म्हणजे फळं-भाज्यांचा मांडव, बांधलेली, गौरीला हळदीच्या पानातल्या पातोळ्या, जेवणात खतखतें ही मिश्र भाजी. पातोळ्या वाफेवर असतात, म्हणून त्या गार होण्याचा प्रश्न येत नाही, पण बायका शेवटीच जेवतात हे इथेही तसंच. दोन वर्षांमागे आमच्या मुलींनी ठरवलं की वाढायचं काम चिठ्ठ्या टाकून. मुलगा-मुलगी, सून-जावई सगळ्यांच्या चिठ्ठ्या. पहिल्या वर्षी मुंबईच्या जावयाची चिठ्ठी निघाली. घरात थोडी कुजबुज झाली. ते मुकाट उठले, पंचा खांद्यावर टाकला आणि भात वाढायला लागले. त्यानंतर कुणी काही बोललं नाही.

---

दूरदेशी | २१ ऑगस्ट

जर्मनीत स्टुटगार्टजवळ राहते. इथे पूजनाच्या दिवशी सुट्टी नाही, म्हणून पूजा त्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघंच करतो आणि जेवण येणाऱ्या शनिवारी, पाच मराठी घरं मिळून. गवार आणि आरवी गोठवलेली मिळते, पडवळ मिळत नाही. प्रत्येक घर तीन-तीन पदार्थ घेऊन येतं आणि सगळे एकदम बसतात, कारण वाढायला कुणी उरतच नाही. सोयीचं आहे. पण खरं सांगू, मला पंगतीची आठवण येते. माझ्यासमोर वाकून, पानात डावीकडे मीठ-लिंबू वाढून कुणीतरी "अजून अर्धी घे" म्हणावं असं वाटतं. तुमच्या सासरी ते आहे, त्यामुळे पंगत टिकवूनच काय ते करा.

---

शेवंती | २५ ऑगस्ट

ताई, सासूबाईंशी बोलणं झालं का?

---

वऱ्हाडची_सून | २५ ऑगस्ट

झालं. फोनवर. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "माह्या सासूनं मले पहिल्या वर्षी भांड्याला लागलेलं पुरण देल्लं होतं. मी तुले तसं नाही देल्लं." मी म्हटलं, नाही दिलं. खरंच नाही दिलं. मग म्हणाल्या, "कर मग. तव्यापाशी मी बसते, खुर्ची टाकून दे."

---

वऱ्हाडची_सून | ५ सप्टेंबर

परत पुण्यात आले. सविस्तर लिहिते, कारण तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून सांगितलं.

रविवारी आवाहनाला शेपूची भाजी आणि भाकरी झाली. रात्री ओसरीत सगळे बसले असताना मोठ्या दिरांनीच विषय काढला, सासूबाईंनी त्यांना आधी सांगून ठेवलं होतं. म्हणाले, उद्या ब्राह्मण-सवाष्ण, ऐंशीच्या पुढचे तिघं आणि रांधणाऱ्या सगळ्या पहिल्या पंगतीला. वाढायला मी, माझे दोन भाऊ आणि पोरं. एका चुलत सासऱ्यांनी "आतापर्यंत कधी झालं नाही" म्हटलं. दीर म्हणाले, "गेल्या वर्षी चक्कर आली तेव्हा आपण तिसऱ्या पंगतीत बसलो होतो." त्यावर कुणी बोललं नाही.

सोमवारी पहाटे साडेतीनला उठलो. डाळ ३ किलो. पुरण सातपर्यंत निघालं. टोपलीत ६४ पोळ्या झाल्या. जाऊबाईंनी नऊ वाजता देवापुढे हात जोडून दूध आणि केळं घेतलं, सासूबाईंनी स्वतः हातात दिलं. नैवेद्य एक चाळीसला.

माई बसायला तयार नव्हत्या. "मी मागून बसते, पोरी." त्यांना समजावण्यात पाच-सात मिनिटं गेली. पानं वाढलेली, भात निवत चाललेला. शेवटी सासूबाई खुर्चीवरून उठल्या, गुडघ्यावर हात ठेवत ओसरीपर्यंत चालत आल्या आणि माईंच्या शेजारच्या पाटावर बसल्या. जिना चढत नाहीत त्या, पाटावर बसल्या. म्हणाल्या, "मी बसली, आता तू उभी राह्यशील का?" माई बसल्या. दोघींची लग्नं एकाच वर्षी झालेली.

सासूबाई उठल्याने तवा रिकामा झाला. तिथे माझा नववीतला मुलगा बसला. पहिल्या दोन पोळ्या करपल्या. तिसरी नीट झाली, ती त्याने ताटलीत घालून पळत आणली आणि माईंच्या पानात टाकली. दिरांनी वर तूप धरलं आणि त्या हात आडवा करेपर्यंत थांबवलं नाही. माईंनी हात आडवाच केला नाही. पोळी तुपात भिजून कडेने पसरली तेव्हा कुठे "पुरे" म्हणाल्या.

आम्ही सगळ्या जणी एका ओळीत होतो, तुळशीकट्टा, तुम्ही सांगितलं तसंच. पहिल्या पंगतीत मोकळं बोलणं झालं नाही, ते खरं. त्यासाठी संध्याकाळी भांडी झाल्यावर चहाचं पातेलं घेऊन आम्ही गच्चीवर बसलो.

पुरुषांची शेवटची पंगत सव्वाचारला बसली. कढी थंड झाली होती. माझ्या नवऱ्याने ती न बोलता उचलून गरम करायला नेली. चूल विझलेली होती, पेटवायला त्याला वेळ लागला.

काळीमाती, माईंची ओटीची गोष्ट यंदा झाली नाही. विसर्जनाच्या दिवशी सोळा गाठींचे दोरे वाटताना मी त्यांनाही हातात दिला, त्यांनी घेऊन कनवटीला लावला. ओटीबद्दल पुढल्या वर्षी बोलेन, आधीपासून.

तूप २ किलो पुरलं नाही. पुढच्या वर्षी अडीच.

---

जुनाखांब | ६ सप्टेंबर

सगळं वाचलं. दोनदा वाचलं.

आमच्याकडे यंदा २२ पानं होती. मी वाढायला उभा राहिलो, वडिलांची पळी अजून आहे. सौभाग्यवती आणि दोन्ही सुना यांना दुसऱ्या पंगतीला बसवलं, पहिलीला अजून मन झालं नाही. धाकटी सून म्हणाली, बाबा, आमटी गरम आहे. एवढंच म्हणाली.

---

काळीमाती | ६ सप्टेंबर

काका, पुढच्या वर्षी काय करणार ते इथेच लिहा. मी काकूंचं लिहीन.